भुसाटोलीत मूल नाही

१९७१. जनगणनेचा आकडा : २,३१८

आठ वर्षांत भुसाटोलीत एकही मूल जन्मलं नव्हतं.

चारुशीला मुंशीने तो रकाना वरून खाली पाहिला, मग खालून वर पाहिला. शून्याखाली शून्य, कुणाला शिक्षा म्हणून गिरवायला लावल्यासारखी. शेजारचा मृत्यूंचा रकाना मात्र नीट भरलेला होता. माणसं म्हातारी होत होती, आजारी पडत होती, लाकूड कापता कापता हात कापून घेत होती, मरत होती. जन्माला कुणी येत नव्हतं.

१९७९ चा मे चालू होता. नागपुरातल्या त्या कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि शिपाई त्यांच्यावर पाणी मारत होता. चारुशीला महिनाभरापूर्वीच इथे रुजू झाली होती.

जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधल्या नऊ वर्षांत शहरात माणसं किती, हे ही कचेरी ठरवायची. रीत साधी होती. गेल्या गणनेचा आकडा घ्यायचा, वॉर्डात नोंदलेले जन्म त्यात मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आणि दर मे महिन्यात शाळामास्तर घरोघर पाठवून ताळा पाहायचा. जे जुळेना ते दरवर्षी थोडं थोडं करून स्थलांतराच्या रकान्यात टाकायचं. त्या अंदाजावर नळ यायचे, दिवे यायचे, शाळा यायच्या. किंवा यायच्या नाहीत.

"साहेब, इथे शून्य आहे," ती म्हणाली.

"असेल," मार्तंडराव घटाटे म्हणाले. वीस वर्षं ते या खुर्चीवर होते आणि वीस वर्षांत कुठल्या वस्तीत पाय ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आठही वर्षं."

"मग आठ शून्यं असतील."

"एकाहत्तरला इथे नऊशेच्या वर लेकरं होती. आता ताळ्यात एकही नाही. गेली कुठे?"

"स्थलांतर." त्यांनी पानाचा डबा उघडला. "चारुशीलाबाई, माणूस जन्मतो, मरतो, नाही तर जातो. चौथं काही तो करत नाही. पलीकडच्या वॉर्डातल्या शाळेचा पट वाढून राहिला आहे. तिकडे गेली असतील."

"आईबापांना सोडून?"

मार्तंडरावांनी पान लावलं. "महिनाअखेर महापालिकेची समिती पाहणीला येते आहे. वस्ती विझते आहे असा शेरा आपण दिला, की ती जागा लाकडाच्या डेपोला जाईल. उरलेल्यांना शहराबाहेर जागा देतील."

"शेऱ्याखाली सही कुणाची असते?"

"यंदापासून तुमची," ते म्हणाले.

१९७३. अंदाज : २,१०२

लकडगंजच्या आरा मशिनींमागे भुसाटोली होती. नाव उगीच पडलेलं नव्हतं. लाकडाचा भुसा तिथे सगळीकडे होता: कौलांवर, पाण्यावर, माणसांच्या पापण्यांवर. गल्लीत तो असा साचला होता की आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला येत नव्हता.

चारुशीला पोचली तेव्हा बारा वाजत होते. आरे एकामागून एक थांबले. सकाळभर त्या आवाजाखाली जे दबलेलं होतं ते आता ऐकू येईल असं तिला वाटलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. रडणं नाही, हाका नाहीत, कुणी कुणाला धपाटा घातल्याचा आवाज नाही. बुद्धविहारावरचा निळा झेंडा तेवढा लूच्या गरम वाऱ्यात फडफडत होता.

भिंतींवर कोळशाने माणसं काढलेली होती. गोल डोकं, काडीचे हात. तिच्या गुडघ्याच्या जरा वर. त्या उंचीवर काढायला मोठ्या माणसाला खाली बसावं लागलं असतं.

एक दार उघडं होतं. तिने आत डोकावलं. खाट, रॉकेलचा स्टोव्ह, बिडीचं रिकामं सूप. आणि आढ्याशी, दोरी आखडून वर घेतलेला, दुहेरी गाठीने जखडलेला पाळणा.

पुढच्या घरातही तसाच. त्याच्या पुढच्याही. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. घरोघर पाळणा होता, आणि घरोघर तो कैद्यासारखा वर बांधून ठेवलेला होता. वारा दारांतून आत शिरत होता, भुसा उडवत होता. पाळणे हलत नव्हते.

"कोण होय वं?"

शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. अंजनाबाई तिचं नाव.

"कचेरीतून आले, आजी. मोजणीला."

म्हातारीचा हात सुपात थांबला. "मास्तर येऊन गेला ना."

"पुन्हा विचारायचंय. घरात कोण कोण?"

"मी. पोरगा देवाजी, आऱ्यावर हाये. सून कौसल्या, ते कामाले गेली."

"आणि मुलं?"

"नाईत."

"एकही नाही?"

"सांगतलं ना बाई, पोट्टे नाईत. लिहून घे अन् जाय. ऊन लागंन तुले."

"मग तो पाळणा कुणाचा?"

"घराचा."

"वर काहून बांधला?"

चारुशीलाच्या तोंडून ते 'काहून' ऐकून म्हातारी जरा सैलावली. "हालू नये म्हून. छप्पन साली धरम बदलला, देव नदीत सोडले, उपासतापास सोडले. पर रिकामा पाळणा हालवाची हिंमत काई झाली नाई बाप्पा अजून."

"हलवला तर काय होतं?"

अंजनाबाईने सूप उचललं आणि ती आत गेली. दार लावताना म्हणाली, "जाय माय. भर दुपारी इचारू नये असं."

१९७५. अंदाज : १,८६०
*(दार बंद. माहिती शेजाऱ्यांकडून.)*

त्या आठवड्यात चारुशीला दोघांना भेटली. प्रश्न तिने दोघांना तेच विचारले. उत्तरं अशी आली.

दर मे महिन्यात ताळा करणारे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतले मधुसूदन गुरुजी, स्वतःच्या घराच्या ओट्यावर:

"होय, घरोघर जातो. बहात्तरपासून मीच जातो.

"मे मधेच. मास्तराले तेव्हाच सुट्ट्या असतात ना बाई. बाकी वर्षभर वर्ग कोण सांभाळंल?

"बाया कामाले गेल्या म्हणत. त्या लिहिल्या. लेकरं आधी घरी नाहीत म्हणत, मग नुसतं नाहीत. ती नाही लिहिली.

"शोधलं तर. खाटेखाली वाकून पाहिलं. दुसऱ्या वर्षी वाटलं, लपवून राहिले. तिसऱ्या वर्षी लिमलेटच्या गोळ्या घेऊन गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक दिली, गोळ्या घ्या रे म्हणून. कोणी आलं नाही. परत येता येता मीच खाल्ल्या.

"भीती कसली? तीस वर्षं पोट्ट्यांच्या गोंगाटात काढली. शांतता मिळावी म्हणून तरसलो. पण तिथली शांतता नको वाटते बाई. आता मी गल्लीत शिरतानाच मोठ्यानं खोकतो."

वॉर्डातल्या सूतिकागृहातल्या परिचारिका उत्तराताई, हात पुसत:

"नाही. त्या टोलीची एकही बाळंतीण माझ्याकडे झाली नाही.

"गरोदर असतात की. येतात ना तपासायला. तिसऱ्यात येतात, पाचव्यात येतात. सातव्यानंतर येत नाहीत.

"पुढे कधीतरी बाजारात दिसतात. पोट नसतं. कडेवरही काही नसतं.

"विचारलं. हसतात, पदर तोंडाला लावतात.

"लस? ताई, शहात्तर सालापासून सरकारी सुई दिसली की ती टोली दारं लावून घेते. नसबंदीवाल्यांची गाडी शिरली होती तिथे. तीन लेकरांचा बाप सापडला की घालायचे गाडीत.

"छे, नसबंदीनं नाही. तुमचं शून्य त्याच्या आधीपासूनचं आहे.

"मला काय वाटतं ते मी लिहून देणार नाही. बोलते फक्त. त्या बाया पोटातलं घेऊन कुठेतरी जातात आणि मोकळ्या होऊन येतात. कुठे, ते मला माहीत करून घ्यायचं नाही."

१९७७. अंदाज : १,५९१

भैय्याजींची आरा मशीन टोलीच्या तोंडाशीच होती. टोलीतले निम्मे पुरुष त्यांच्याकडे कामाला होते, आणि पाहणीला येणाऱ्या समितीत भैय्याजी स्वतः होते. जागा लाकडाच्या डेपोला गेली तर पहिला गाळा कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. संशयित म्हणून चारुशीलाने त्यांनाच पहिला नंबर दिला होता. फक्त गुन्हा काय, ते तिला कळत नव्हतं. नऊशे मुलं कुणी चोरून नेऊ शकत नाही.

"आओ ताई, बसा," भैय्याजी म्हणाले. त्यांच्या दंडावर ताईत होता. प्रत्येक आऱ्याला ताजं लिंबू-मिरची बांधलेलं होतं. "पन्हं आणा रे ताईसाठी."

"टोलीबद्दल विचारायचं होतं."

"सुनी पडली हो ती जागा. लेकरू टिकतच नाही तिथे. लोक तर लेकुरगिळी म्हणतात." त्यांनी आवाज उतरवला. "ऐसी जगह में आदमी भी कितने दिन रहेगा? मी त्यांचा भला चाहतो. बाहेर चांगली हवा मिळंल बिचाऱ्यांना."

आवारात एक ट्रक उभा होता, चाक काढलेला. त्याच्या पाठीवर बांबूच्या कमानी ठोकून वर ताडपत्री ताणलेली होती. मागच्या फळीला एक रांजण दोरीने आवळून बांधला होता.

"ट्रक किती आहेत तुमचे?"

"तीन. भंडाऱ्याच्या जंगलात रिकामे जातात, सागवान भरून येतात. एक हा नादुरुस्त झाला, परतला. बाकीचे दोन तिकडेच अडकून राहिले. परमिटचं लफडं. एरवी या आठवड्यातच आले असते, यंदा जून उजाडंल."

चारुशीलाने पन्हं संपवलं. उठताना भुश्याने तिला शिंक आली. भैय्याजींचा चेहरा उतरला. त्यांनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, थोडं थांबवून घेतलं, आणि मगच जाऊ दिलं.

"निघताना शिंकू नये," ते मनापासून म्हणाले. "घरी लेकरूबिकरू असंल तुमच्या."

१९७८. अंदाज : १,४८०

लेकरू होतं. दोन वर्षांचा मुलगा, उन्हाळ्यापुरता वर्ध्याला तिच्या आईकडे ठेवलेला. महाल भागातल्या घरात तो नसला की चारुशीला दुपारी माजघरात जायचं टाळत असे.

त्या दिवशी गेली. आढ्याशी, दोरी आखडून, दुहेरी गाठीने, त्याचा पाळणा वर बांधलेला होता.

ती दारातच उभी राहिली. रोज डोक्यावरून जाणारी ती गाठ तिने पहिल्यांदा पाहिली.

"आई, हा वर कुणी बांधला?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "तू त्याला पोचवून आलीस त्या दिवशी. वाऱ्यानं हलायचा. रिकामा पाळणा हलला तर मुलाच्या जिवाला बरं नसतं."

"तो इथे नाहीच आहे. मग काढून का नाही ठेवला?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरात काहीतरी अशुभ सांडलं होतं. "काढून कधी ठेवतात, माहीत नाही का गं? मूल गेल्यावर. परत यायचं असलं की बांधून ठेवतात."



परत यायचं असलं की. भुसाटोलीत घरोघर पाळणे होते, आणि एकही काढून ठेवलेला नव्हता.

मग बाकीचं एकेक करून आपोआप येत गेलं. सातवा महिना लागला तेव्हा सासूबाईंनीच ओटी भरून तिला वर्ध्याला पाठवलं होतं. बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. मुलाची नोंद वर्ध्याच्या दप्तरात होती. म्हणजे महालच्या जन्मांच्या रकान्यात तिचा स्वतःचा मुलगा नव्हता. मार्तंडरावांच्या हिशेबात तो जन्मलाच नव्हता, आणि तरी गेला हिवाळाभर त्याने याच घरात पितळेच्या वाट्या आपटल्या होत्या.

महालात असं एखाद्या घरात होतं. वॉर्डात दवाखाना होता, सगळ्यांची माहेरं वेगळी होती, चूक पातळ होऊन जात होती. पण भुसाटोलीतल्या सगळ्या बाया एकाच मुलखातून आल्या असल्या तर? त्या सगळ्या सातव्यात तिकडेच जात असल्या तर?

आणि मे महिना. तिने दारातून बाहेर पाहिलं. भर उन्हात गल्लीत एकही पोर नव्हतं. सगळी मामाच्या गावाला गेली होती.

मास्तरांना सुट्टी लागते तेव्हा पोरांनाही लागते. आठ वर्षं या शहराने मुलं मोजायला बरोबर तोच महिना निवडला होता, ज्यात मुलं घरी नसतात. जनगणना मार्चमध्ये झाली होती. तेव्हा ती सापडली होती.

राहिली एकच गाठ. महालात विचारलं तर कुणीही सांगेल, पोरं वर्ध्याला गेलीत, काटोलला गेलीत. भुसाटोली 'नाईत' का म्हणते? आणि ट्रकमधल्या सागवानाला सावली कशाला लागते? लाकूड पाणी पितं का?

१९७९. अंदाज : १,३८५

देवाजीला तिने आऱ्याच्या फाटकाशी गाठलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन सावलीला बसला होता. अंग भुश्याने पिवळं झालेलं.

"तुझं लेकरू केवढं आहे, देवाजी?"

"लेकरू नाई मले."

"पाळणा बांधलाय तुझ्या आईनं. काढला नाही. मी पण आई आहे बाबा, मला कळतं."

देवाजीने घास खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. "नसबंदीच्या शिबिरवाल्यायनं पाठवलं का तुमाले?"

"नाही. शिबिर संपलं. नाही म्हणायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भैय्याजी सेठनं. शहात्तरात माह्या भावाले उचललं ना गाडीत. तवा सेठ म्हणे, कचेरीतलं कोणी इचारलं तर पोट्टे नाईत म्हणा, म्हणजे तुमच्या मागं लागणार नाईत. बरा माणूस होय. दर साली बायांले अन् पोट्ट्यांले फुकटात ट्रकच्या फेऱ्या करून गावाले नेते. माहेरची गावं सारी तेंदूच्या जंगलापाशी हायेत ना. महिनाभर पत्ता तोडतात, दोन पैसे होतात. यंदा उशीर करून राहिले तेवढं. आठ दिवस झाले, यायले पायजे होते." त्याचा चेहरा उजळला. "पोरगी होय मले. दिवाळीतली. बापू म्हणते मले, आतापासून."

"टोली उठवणार आहेत, हे सेठनं सांगितलं का?"

"नाई," म्हणत देवाजीने उरलेलं जेवण तसंच डब्यात बंद केलं.

त्याचा जबाब लिहून घेऊन उपयोग नव्हता, हे चारुशीलाला कळत होतं. घर वाचवायला माणसं काहीही सांगतात, असं समिती म्हणाली असती. ट्रक जूनपर्यंत येणार नव्हते. समिती परवा येणार होती. मुलांशिवाय मुलं सिद्ध करायची होती.

रात्रभर ती एकाच गोष्टीशी अडखळत राहिली. उपाय तिला सापडला होता. तो आवडत नव्हता.

१९७९. ताळा

समिती सकाळी आली. अध्यक्ष, दोन सभासद, भैय्याजी; कचेरीतर्फे मार्तंडराव, चारुशीला; मास्तर म्हणून मधुसूदन गुरुजी, गल्लीत शिरतानाच खोकत. पुरुष कामावर गेले नव्हते, भिंतीला टेकून उभे होते.

"किती शांत आहे," अध्यक्ष म्हणाले आणि आपलाच आवाज ऐकून थांबले.

"साहेब, सहीआधी मला एक ताळा पाहायचा आहे," चारुशीला म्हणाली. "या घरात या."

देवाजीच्या घरात सगळे कसेबसे मावले. चारुशीलाने स्टुलावर चढून आढ्याची गाठ सोडली. अंजनाबाई दारातून म्हणाली, "काहून सोडतं वं?" चारुशीलाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाळणा खाली आला. त्यात एक घडी घातलेलं झबलं होतं.

"आपला अंदाज सांगतो की या वस्तीत मूल नाही. म्हणजे हा लाकूड आणि दोरी आहे फक्त. मार्तंडराव, हलवा."

मार्तंडराव हसले. ते आकड्यांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. "यात काय," असं म्हणून त्यांनी पाळण्याला झोका दिला.

पाळणा पलीकडे गेला. कडी कुरकुरली. भिंतीपाशी कुणीतरी श्वास आत घेतला. तो परत यायच्या आत एका हाताने त्याची दोरी धरली. हात भैय्याजींचा होता. दंडावरचा ताईत खाली घसरला होता.

"नका हलवू," ते म्हणाले. "छोटी बच्ची आहे हो त्यातली."



"कुणाची, भैय्याजी?" चारुशीलाने विचारलं.

भैय्याजींनी हाताकडे पाहिलं. सोडून द्यावा की धरून ठेवावा हे त्यांना कळेना. व्यापारी माणूस. त्यांना जागा हवी होती. कुणाच्या लेकराचं वाईट नको होतं.

"देवाजीची," ते शेवटी म्हणाले. "मीच उचलून दिली ट्रकमधे. झोपली होती."

मग चारुशीलाने सगळं मांडलं. माहेरची बाळंतपणं माहेरच्या दप्तरात. मे महिन्यातला ताळा. ट्रकवरची ताडपत्री आणि रांजण, रिकाम्या गाडीला लागत नाहीत असे. इथली पोरं पलीकडच्या वॉर्डातल्या शाळेत शिकतात, म्हणून तिथला पट वाढतो आणि इथली टोली ओसाड दिसते. हे सगळं कुणी रचलेलं नव्हतं. ती चूक कचेरीची होती, आठ वर्षांची, आणि पुढेही तशीच चालली असती. पण भैय्याजी टोलीच्या तोंडाशी राहणारे, दर उन्हाळ्यात पोरं नेणारे आणि आणणारे. समितीत बसून अंदाज वाचला तेव्हा त्या शून्याचा अर्थ त्यांना एकट्याला कळला. त्यांनी फक्त दोन गोष्टी केल्या. शहात्तरात जे 'नाईत' भीतीपोटी शिकवलं होतं ते तसंच चालू ठेवलं. आणि यंदा, पाहणी होईपर्यंत, ट्रक जंगलात थांबवले.

"परमिट?" अध्यक्षांनी विचारलं.

"परमिट कधीच मिळालं होतं," भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी ताईत दंडावर वर सरकवला.

गुरुजी भिंतीवरच्या कोळशाच्या माणसांकडे पाहत होते. "आठ वर्षं," ते म्हणाले. "माह्या गोळ्या काहून नाही घेतल्या, ते आता समजलं."

मार्तंडरावांनी शेऱ्याचा कागद घडी करून खिशात टाकला. त्यांना घाम आला होता. पाळण्याला लावलेला हात ते धोतराला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

समितीने टोली तिथेच राहील असं ठरवलं. शाळेचाही विषय निघाला. ट्रक ताबडतोब आणायला माणूस गेला. चारुशीलाने पाळणा पुन्हा वर बांधला. गाठ तिला अंजनाबाईसारखी जमली नाही.

१९७९. फेरमोजणी

ट्रक आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. गल्लीच्या बऱ्याच आधीपासून आवाज येत होता. पोरांनी भुश्याचे ढीग केले होते आणि ती त्यांत उड्या मारत होती. तेंदूपानांनी त्यांची बोटं काळी पडली होती. प्रेमिला नावाच्या एका बाईने कडेवरचं पोर चारुशीलाच्या हातात दिलं, "मोजा बाई, पयलं हे मोजा," आणि सगळ्या हसल्या. घरोघर पाळणे खाली आले होते. गुरुजी गोळ्यांचा पुडा घेऊन उभे होते आणि त्यांच्या धोतराला पंधरा-वीस पोरं लोंबत होती.

ती घरामागून घर लिहीत गेली. तीन. पाच. दोन. चार.

शेवटच्या घरापाशी पोरं खेळत नव्हती.

अंजनाबाई उंबऱ्यावर होती. सूप नव्हतं, हात रिकामे होते. आत एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. देवाजी कामावर गेला नव्हता.

चारुशीलाने वर पाहिलं. आढ्याला नुसती कडी होती. पाळणा काढून, दोरी गुंडाळून, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

"लू लागली," अंजनाबाई म्हणाली. "जंगलात ना डाक्टर ना दवाखाना. येवाच्या दिवशी गाडी आली असती तर."  तिने कोपऱ्यातल्या पाळण्याकडे पाहिलं, मग चारुशीलाकडे. "कवा गेली, सांगू का तुले?"

ट्रक अडून होते तेवढे दिवस लू पेटलेली होती. त्यांतला कुठलाही दिवस असू शकत होता. पाळणा हलला त्या सकाळच्या आधीचा. त्या सकाळचा.

चारुशीलाने मान हलवली. नको.

लेखणी तिच्या हातात होती. या मुलीचा जन्म भंडाऱ्याकडच्या एका गावात नोंदला गेला होता, मरण कुठेच नोंदलं जाणार नव्हतं. शहराने तिला कधी मिळवलं नव्हतं, आता वजाही करायचं नव्हतं. घर, शेवटचं. माणसं, तीन. मुलं. तिने शून्य लिहिलं.

सबंध भुसाटोलीत त्या एका घरापुरता कचेरीचा अंदाज बरोबर निघाला होता.